भैरू तांडेलची पहिली खेप

'वैनगंगा'च्या भोजनकक्षात चित्रपट संपला, दिवे लागले, तरी चौघांपैकी कोणी लगेच उठलं नाही. मग चारुता बोंद्रेने समोरचा थंड झालेला चहा बाजूला सारला आणि म्हणाली, "हा भैरू नाही."

बाकीच्यांना ते अपेक्षितच होतं. भैरू तांडेलविषयी चारुताचं मत काय, हे अख्ख्या हिमवाहक ताफ्याला ठाऊक असायचं. भैरूचे अकरा चित्रपट तिने लहानपणापासून इतक्यांदा पाहिले होते की पडद्यावर तो तोंड उघडायच्या आत वाक्य तिच्या ओठांवर यायचं. गुरूच्या चंद्रांमधून चोरटा माल वाहणारा, सरकारी गस्तीला गुंगारा देणारा, दिलेला शब्द फिरवणारा आणि तरीही शेवटच्या क्षणी मागे वळून मित्रांना सोडवणारा हा बिलंदर तिच्या पिढीचा लाडका होता. ताफ्यातल्या तीसेक जहाजांवर तांडेलप्रेमींचं एक मंडळ होतं आणि त्या मंडळात चारुताचा शब्द शेवटचा मानला जायचा.

पण 'वैनगंगा'वर हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नव्हता. जहाज भैरूच चालवत होता.

लघुग्रहांच्या पट्ट्यातून डोंगराएवढा बर्फाचा खंड चार ओढदोरांनी बांधायचा आणि मंगळाच्या कक्षेपर्यंत ओढत न्यायचा, हे 'वैनगंगा'चं काम. जहाजावर माणसं चारच. कप्तान इब्राहिम मुजावर. ओढदोर आणि माल सांभाळणारी चारुता, जी कप्तानांच्या गैरहजेरीत जहाजाची प्रमुख असे. तिच्या हाताखालची अंजू तुमराम. आणि यंत्रमनाचे तज्ज्ञ डॉ. प्रभंजन केळुसकर. सुकाणू मात्र यंत्रमनाकडे. पहिल्या पिढीतली यंत्रमनं नुसती गणिती होती. माहिती पुरी असेपर्यंत ती अचूक चालायची, पण माहिती अपुरी पडली की आकडेमोड करत अडून बसायची. दोन जहाजं त्या अडून बसण्यापायीच गेली. तेव्हा शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की अर्धवट माहितीवर माणूस निर्णय घेतो तो बुद्धीने नव्हे, स्वभावाने. आणि स्वभाव हवा तर त्यामागे जगलेलं आयुष्य हवं. खऱ्या वैमानिकाचं आयुष्य विस्कळीत, अर्धं विसरलेलं. उलट भैरू तांडेलचा एकेक निर्णय अकरा चित्रपटांत नोंदलेला होता, आणि खलाशांचा त्याच्यावर आधीच जीव होता. म्हणून त्या चित्रपटांतलं आयुष्य यंत्राला आठवणी म्हणून देण्यात आलं. अशा यंत्राला चरित्रमन हे नाव पडलं, आणि ताफ्यातल्या प्रत्येक जहाजावर असा एकेक भैरू बसला. आपल्यावर चित्रपट निघाले आहेत हे भैरूला माहीत होतं. पण त्याच्या लेखी ते त्याच्याच आयुष्यावर काढलेले होते.

आता ताफा चालवणाऱ्या महामंडळाने बारावा चित्रपट पाठवला होता. भैरूच्या तरुणपणाचा. नाव 'पहिली खेप'. तो आठवणींत घालावा अशी शिफारस होती. सक्ती मात्र नव्हती, कारण चरित्रमनात नवी आठवण घालायची तर त्याच्यासोबत राहणाऱ्या खलाशांचं बहुमत लागे.

"मला तर पोरगा बरा वाटला," छतातून भैरूचा आवाज आला. चित्रपट त्यानेही पाहिला होता. "पण एक सांग गो बाय, मी असा हरलो असतो तर मला आठवलं नसतं का?"

अंजू खुदकन हसली. मुजावरांनीही मिशीवरून हात फिरवला. केळुसकर तेवढे हसले नाहीत.

चित्रपटाची कथा अगदी साधी होती. विशीतला भैरू आपला उस्ताद गुलबा आणि काही खाणकामगार यांना घेऊन पहिल्यांदा जहाज हाकतो. गस्त मागे लागते. गुलबा शरण जा म्हणतो. भैरू दोन फिरत्या खडकांमधून जहाज काढायचा डाव टाकतो. डाव फसतो, जहाजाची मागची बाजू कापली जाते, आणि गुलबासकट सगळे मरतात. वाचतो तो एकटा भैरू. दोन तासांत तो एकदाही हसत नाही.

चारुताने त्याच आठवड्यात आपलं मत लिहून मंडळाला पाठवलं, आणि ते जहाजाजहाजावर वाचलं गेलं. तिने लिहिलं होतं की हनुवटीवरचा व्रण कुठून आला, ती फाटकी टोपी कुणाची, शीळ कुणी शिकवली, हे सगळं एकाच खेपेत उरकून टाकलं आहे. जणू माणूस आपला स्वभाव एका बाजारात एका दिवशी विकत घेतो. भैरू हसतो, कारण तो तसा आहे. त्या हसण्यामागे मढी लपवून ठेवली, तर अकरा चित्रपट आपण हसलो ते कशाला? एका दुःखी माणसाच्या सोंगाला? शेवटी तिने लिहिलं होतं, 'पटकथा गोष्ट सांगण्यासाठी लिहिलेली वाटतच नाही. भैरूला एकदा हरवायचं, एवढ्याचसाठी कुणीतरी ती बसून रचली आहे.'

मतदानाच्या दिवशी केळुसकरांनी होकाराच्या बाजूने बोलायचा प्रयत्न केला. चित्रपट अगदीच वाईट नाही, म्हणाले. काळाबरोबर पात्रही वाढायला हवं, म्हणाले. एरवी यंत्रमनावर तासभर बोलू शकणारा हा माणूस त्या दिवशी शब्द चाचपडत होता, याचं चारुताला नवल वाटलं. मुजावरांना चित्रपटांत फारसा रस नव्हता. पण भर प्रवासात सुकाणूवाल्याचा स्वभाव बदलायला ते तयार नव्हते. अंजूने चारुताकडे पाहून हात वर केला. तीन विरुद्ध एक. 'पहिली खेप' नाकारली गेली. महिन्याभरात ताफ्यातल्या बहुतेक जहाजांवरून तसेच निकाल आले, आणि कित्येकांनी कारण म्हणून चारुताचीच वाक्यं दिली होती. चारुताला त्याचा आनंद झाला, आणि तो तिने लपवला नाही.

मंगळ जवळ आला तसा वेग कमी करायला सुरुवात झाली. इंजिनांचा ताण दोरांवर येऊ लागला. एका दोराचा खिळा जिथे बर्फात रुतला होता, तिथे भेग दिसायला लागली. अशा भेगा पडतातच. दुसऱ्या ठिकाणी नवा खिळा ठोकायचा, एवढंच काम असतं. मुजावर आणि अंजू छोट्या होडीतून खंडाच्या पलीकडच्या टोकाला गेले. चारुता जहाजात दोरांच्या फलकापाशी बसली.

नवा खिळा बसायच्या आत जुना निसटला. तो उपटला गेला तेव्हा घराएवढा कपचा बरोबर घेऊन गेला. राहिलेल्या तीन दोरांनी खंडाला तिरका हिसका बसला, आणि तो अवाढव्य बर्फ अगदी संथपणे स्वतःभोवती फिरू लागला. होडी एका घळीत नांगरलेली होती. सुटलेला दोर मोकळा हेलकावत होता, आणि खंड फिरेल तसा तो त्या घळीच्या तोंडाजवळ येत होता. होडीने बाहेर पडायचं म्हणजे त्याच्याच वाटेत यायचं.

मुजावरांचा आवाज शांत होता. "चारुता, सगळे दोर काप. बर्फ जाऊ दे. आम्ही घळीत दबून बसतो. तुम्ही लांबून वळसा घालून या. हवा पुष्कळ आहे आमच्याकडे."

दोर कापायची कळ चारुताच्या हाताखालीच होती. तिने झाकण उघडलं.

"थांब गो बाय," भैरू म्हणाला. "कापलेस तर त्या दोघांना अर्धा दिवस बर्फाला चिकटून बसावं लागेल. वर्षभर ओढलेला मालही जाईल. बर्फ आणि तो सुटलेला दोर यांच्यामध्ये जहाज घालतो मी. घळीसमोर जरा थांबतो, ते आत येतील, आणि आपण पलीकडून बाहेर. एका फेरीत सगळं."

कप्तान जहाजाबाहेर असताना असा निर्णय चरित्रमनाने घ्यायचा आणि जहाजावरच्या प्रमुखाने त्याला संमती द्यायची, असा नियम होता. म्हणजे शब्द चारुताचा होता. केळुसकर दारात येऊन उभे राहिले होते. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. "कप्तान काय म्हणताहेत ते ऐक," एवढंच ते म्हणाले.

"जमेल?" चारुताने विचारलं.

"कधी जमलं नाही?" भैरू म्हणाला.

आणि खरंच, तिला एकही प्रसंग आठवेना. शनीच्या कड्यांतून तो निसटला होता. जळत्या गोदीतून निसटला होता. गस्तीच्या तीन जहाजांच्या मधून तो शीळ घालत निघून गेला होता. अशा प्रत्येक वेळी ती मुठी आवळून बसली होती, आणि प्रत्येक वेळी तो परत आला होता. तिने कळीवरचा हात काढला.

"आण त्यांना," ती म्हणाली.

भैरूने जहाज सुरेख वळवलं. घळीच्या तोंडापर्यंत सगळं त्याने सांगितलं तसंच झालं. होडी बाहेर आली. अंजूच्या शिरस्त्राणावरचा दिवा चारुताला खिडकीतून दिसला. मग जहाजाच्या इंजिनांची धग बर्फाला लागली, पृष्ठभागावर वाफेचा झोत उसळला, आणि हेलकावणाऱ्या दोराला त्याने उलट्या दिशेला फेकलं. दोर होडीवर पडला. आवाज आला नाही, तिथे तो येणार नव्हताच. दिवा विझला. दोराने होडी बर्फावर दाबली, आणि खंड फिरला तशी ती त्याच्याबरोबर नजरेआड गेली.

चारुताने मुजावरांना हाका मारल्या, अंजूला हाका मारल्या. मग सगळे दोर कापले. ते काम आता करायलाच हवं होतं. दोन्ही देह हाती लागायला उरलेला दिवस गेला. तेवढ्या वेळात भैरू सुकाणूच्या सूचनांपलीकडे एक शब्दही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी केळुसकरांनी तिला बाहेर बोलावलं. दोरांच्या बुंध्यांची पाहणी करायची आहे, असं त्यांनी भैरूला ऐकू जाईल असं सांगितलं. जहाजाच्या शेपटाशी पोचल्यावर त्यांनी आपला संदेशयंत्रणेचा खटका बंद केला, तिलाही करायला लावला, आणि आपलं शिरस्त्राण तिच्या शिरस्त्राणाला टेकवलं. तशी टेकली की काचेतून काचेत आवाज जातो. जहाजात भैरूला ऐकू जाणार नाही अशी जागाच नव्हती.

"त्याचं गणित चुकलं असं तुला वाटतं का?" केळुसकरांनी विचारलं.

तिने मान हलवली. हो की नाही, ते तिचं तिलाच कळलं नाही.

"चुकलं नाही. मी नोंद पाहिली. डाव फसण्याची शक्यता जमण्यापेक्षा जास्त आहे, हे त्याला ठाऊक होतं. आकडा बरोबरच होता. पण त्या आकड्याचं काय करायचं, हे स्वभाव ठरवतो, आणि स्वभाव आठवणींतून येतो. त्याच्या आठवणीत असे किती डाव आहेत? शेकडो. फसलेले किती? एकही नाही. चित्रपटात नायक हरत नाही, चारुता. त्याच्या अनुभवाने आकडा कितीही वाईट असला तरी शेवटी जमतंच. आम्ही जगातला सर्वांत नशीबवान माणूस सुकाणूवर बसवला, आणि आपण नशीबवान आहोत हे त्याला खरंच वाटत होतं."

"हे तुम्हाला केव्हापासून माहीत होतं?"

"दोन वर्षं. चाचण्यांत दिसलं होतं. म्हणून 'पहिली खेप' काढली. ती प्रेक्षकांसाठी नव्हतीच. भैरूसाठी होती."

चारुताला तिच्याच मतातलं वाक्य आठवलं. एवढ्याचसाठी कुणीतरी ती बसून रचली आहे. तिने ते टोमणा म्हणून लिहिलं होतं.

केळुसकरांनी उरलेलं सांगितलं. आठवण रुजायची तर ती खरी वाटावी लागते. आपला स्वभाव ताळ्यावर आणण्यासाठी हा पराभव घडवला आहे असं भैरूला कळलं, तर तो त्याला औषधासारखा ओळखेल आणि बाजूला ठेवेल. खलाशांना सांगितलं, तर त्यांच्या बोलण्यावागण्यातून ते त्याला कळणारच. म्हणून प्रत्येक जहाजावर एकट्या यंत्रमनतज्ज्ञालाच ठाऊक होतं, आणि त्याने गप्प राहायचं होतं. नवा भैरू चित्रपट, तोही फुकट, म्हटल्यावर खलाशी आनंदाने होकार देतील, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

"माझ्यामुळे दिला नाही," चारुता म्हणाली.

"मीही बोलू शकलो असतो. असंच बाहेर आणून सांगू शकलो असतो. महामंडळाचा आदेश पाळला." केळुसकर पुढे म्हणाले. "आपल्या भैरूला आता त्या चित्रपटाची गरज नाही. पण बाकीच्या जहाजांवर तोच जुना भैरू आहे. आपल्या अपघाताची बातमी त्या सगळ्यांनी वाचली असेल. त्याने काही होत नाही. दुसऱ्याच्या हातून झालेली चूक ती. वाचली की माणूस म्हणतो, मी असतो तर निसटलो असतो. मतदान पुन्हा घेता येतं, खलाशांनी मागितलं तर. तुझं मत सगळे वाचतात."

"कारण न सांगता लिहायचं?"

"कारण न सांगता."

आत येऊन तिने लिहायला घेतलं, आणि दोन दिवस तिच्याने काही लिहवलं नाही. तिसऱ्या दिवशी भोजनकक्षात बसून तिने 'पहिली खेप' पुन्हा लावली. जुन्या सवयीने चारच्या चार खुर्च्या टेबलाभोवती होत्या. गुलबा मरतो त्या प्रसंगापाशी भैरू अपघातानंतर पहिल्यांदाच आपणहून बोलला.

"पोरगा लगेच रडतो," तो म्हणाला. "असं होत नाही. आधी आपण तीच फेरी पुन्हा पुन्हा मारून बघतो. मी अजून तीच मारतोय."

चारुताने चित्र थांबवलं.

"तुम्ही दोघं बाहेर डोक्याला डोकं लावून उभे होतात," भैरू म्हणाला. "मी आयुष्यभर चोरटा माल वाहिला, बाय. कुणीतरी काहीतरी लपवतंय हे मला कळतं. हे चित्र माझ्यासाठी होतं ना? मला हरवायला?"

खोटं बोलण्यात आता अर्थ नव्हता. ती हो म्हणाली.

मग भैरूने विचारलं, बाकीच्या जहाजांवर जो भैरू आहे त्याला हे कळलं तर काय होईल. ते खोटं मानून तो बाजूला ठेवेल, असं तिने सांगितलं. ठेवेलच, भैरू म्हणाला, मीही ठेवलं असतं. मग त्याने तिला लिहायला सांगितलं. टपाल सगळं माझ्याच हातून जातं आणि तिकडेही माझ्याच हातात पडतं, म्हणाला. माझ्या नजरेतून काय सुटतं आणि काय नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार.

तिने एका बैठकीत लिहिलं. भैरूने ते वाचलं आणि हातातला माल तपासावा तसं एकेक वाक्य तपासलं. 'मी चुकले होते' हे त्याने राहू दिलं. 'हा चित्रपट असणं गरजेचं आहे' हे काढायला लावलं. गरज हा शब्द दिसला की मी मागे कोण आहे ते बघतो, म्हणाला. व्रण आणि टोपी यांवरची तिची जुनी टीका मात्र त्याने मुद्दाम तशीच ठेवायला सांगितली. नुसती स्तुती कुणी करत नाही, शंका येते. एका ठिकाणी तिने लिहिलं होतं, 'जो कधी हरलाच नाही, त्याच्या हसण्याची किंमत आपल्याला कळणार कशी?' त्यावर तो थबकला.

"हे असू दे," तो म्हणाला. "हे वाचून मी हसलो असतो. आणि घेतलं असतं."

शेवटच्या परिच्छेदात तिने लिहिलं होतं की हे मत इब्राहिम मुजावर आणि अंजू तुमराम यांच्या आठवणीत लिहीत आहे.

"ती नावं काढ," भैरू म्हणाला.

"नाही."

"बाय, तो मीच आहे तिकडे. अपघाताची बातमी त्याने वाचलीय. खाली ही दोन नावं दिसली की तो दोन्ही गोष्टी जोडेल. मी जोडल्या असत्या." त्याचा आवाज उतरला. "त्यांना मी टाकत नाहीये. ते माझ्याकडे आहेत, कायमचे. बाकीच्यांना गुलबा पुरेल."

चारुता त्या दोन नावांकडे पाहत राहिली. समोरच्या पडद्यावर विशीतला भैरू मोडक्या जहाजात तसाच थांबून होता. मग तिने आधी अंजूचं नाव पुसलं, मग कप्तानांचं, आणि मत पाठवायला सांगितलं.